एल-१ सोडून एच-१ घ्यावा का? ग्रीन कार्डच्या रांगेत कंपनी बदलण्याबद्दल

गोदाकाठचा (२४ एप्रिल)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मूळचा इंदिरानगर, नाशिकचा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या ऑफिसातून एल-१बी वर (कंपनीच्याच अमेरिकेतल्या शाखेत बदलीवर येणाऱ्यांचा व्हिसा) न्यू जर्सीला आलो. कंपनी मोठी आहे, नाव घेत नाही. ग्रीन कार्डचा विषय काढला की मॅनेजर म्हणतो, "पुढच्या सायकलला बघू." अशा तीन सायकली गेल्या. एवढ्यात मी खऱ्या सायकलवरून घोटी गाठून आलो असतो.

यंदा मार्चमध्ये एका मध्यम आकाराच्या कंपनीने एच-१बी च्या (अमेरिकेतल्या कंपनीत नोकरीचा व्हिसा) लॉटरीत माझं नाव टाकलं आणि लागलं की हो! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पिटिशन गेलं, चेंज ऑफ स्टेटससकट (म्हणजे देशाबाहेर न जाता एल-१ चा एच-१ करायची मागणी). मंजूर झालं तर १ ऑक्टोबरपासून तिकडे. पगार साधारण २५ टक्के जास्त. पर्म (ग्रीन कार्डची पहिली पायरी, कामगार खात्याची मंजुरी) "सहा महिन्यांनी चालू करू" म्हणतात, तेही तोंडी.

इकडे जुन्या कंपनीला कुणकुण लागली. आता मॅनेजर अचानक गोड झालाय. म्हणतो थांब, जुलैत तुझं पर्म चालू करतो.

तर प्रश्न असा, की थांबू का जाऊ? तशी घाई नाही. जूनअखेर नाशिकला बहिणीचं लग्न आहे (अधिक महिन्यामुळे तारीख पुढे गेली), तेव्हा घरी सगळ्यांशी बोलून ठरवीन म्हणतो. पण जाणकारांची मतं हवीत.

तर्रीवाला

पहिला!

लॉटरी लागली आणि वर प्रश्न विचारतोय हा माणूस. मी तीन वर्षं नाव टाकतोय. सोमेश्वरला जाऊन झालं, नवश्या गणपतीला बोलून झालं, आता त्र्यंबकला नारायण नागबळीचा खर्च विचारायचा बाकी आहे. तुमचा नको असलेला नंबर मला देता का?

हिशोबी

भावना बाजूला ठेवून नुसत्या तारखा मांडतो.

एल-१बी ची कमाल मुदत ५ वर्षं. तुमची जानेवारी २०२८ ला संपते. त्यापुढे एल-१ ला एक दिवस वाढ नाही. पर्म असो, आय-१४० (पर्मनंतर कंपनीने भरायचा ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर असो, मॅनेजर कितीही गोड असो.

एच-१ ची ६ वर्षं, पण एल-१ वर काढलेला काळ त्यातच धरतात. म्हणजे नवी कोरी सहा वर्षं नाहीत, जानेवारी २०२९ पर्यंतच. (मधे भारतात काढलेले दिवस परत मागता येतात. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं टाकून देऊ नका.)

सहा वर्षांच्या पुढे राहायचं तर २००० सालचा एसी-२१ कायदा कामाला येतो. पर्म ३६५ दिवस आधी दाखल झालेलं असेल तर एकेक वर्ष वाढ मिळते. आय-१४० मंजूर असेल आणि रांगेतला नंबर अजून लागला नसेल तर तीन-तीन वर्षं. ही सोय एच-१ ला आहे, एल-१ ला नाही. इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे.

आता बघा. जुन्या कंपनीने जुलैत खरंच पर्म चालू केलं, तरी २०२८ च्या जानेवारीत तुम्हाला एच-१ लागणारच. तो परत लॉटरीतून. ६५,००० अधिक अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांचे २०,०००, एवढ्याच जागा. यंदा लागलेली सोडून पुढच्या वर्षी पुन्हा लागेल हे कुणाच्या भरवशावर?

आणि नव्या कंपनीचं गणित: ऑक्टोबर २०२६ अधिक सहा महिने म्हणजे एप्रिल २०२७. पर्म जानेवारी २०२८ च्या आत दाखल व्हायला हवं. हातात नऊ महिने. त्यात सरकारकडून प्रीव्हेलिंग वेज (त्या कामाच्या पगाराचा चालू दर) यायचा, मग जाहिराती द्यायच्या, उमेदवार बघायचे, मग दाखल करायचं. एखादी गोष्ट अडली की संपलं. त्यामुळे "सहा महिन्यांनी" हे शब्द आधी खोडून घ्या.

सातपूरकर

हिशोबींचं गणित बरोबर आहे, पण माझं मत वेगळं. ज्या कंपनीने तुम्हाला अमेरिका दाखवली तिला एक संधी द्यावी. मध्यम आकाराच्या कंपन्यांचा काय भरवसा? सहा महिन्यांत लोकं कमी केली की एच-१ वर फक्त ६० दिवस मिळतात. माझ्या मित्राचं झालंय. साठातले पहिले दहा दिवस तर धक्क्यातच गेले.

हिशोबी

@सातपूरकर, ६० दिवस एल-१ लाही तेवढेच आहेत. फरक एवढाच की एच-१ वाल्याला त्या साठ दिवसांत दुसरी कंपनी पिटिशन टाकू शकते, परत लॉटरी नाही, आणि पिटिशन पोचल्याबरोबर काम चालू करता येतं. एल-१ त्या कंपनीलाच बांधलेला. ती सुटली की तुम्हीही सुटलात, थेट मुंबई विमानतळ.

कसाराघाट

मी या रांगेतला म्हातारा. २००४ ला आलो, २०११ ला कार्ड हातात पडलं. आजच्या मानाने फारच लवकर. तेव्हा मात्र आम्ही रोज रडायचो.

२००७ चा जुलै इथे कुणाला आठवतो का? व्हिसा बुलेटिन (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारचं मासिक पत्रक) आलं, सगळ्या तारखा करंट, म्हणजे सगळ्यांना अर्ज खुला. आम्ही वेडे झालो. वैद्यकीय तपासणीसाठी डॉक्टरांकडे रांगा, फोटो, जन्म दाखले, नाशिकहून कुरियर. आणि २ जुलैला, अर्ज पोचायच्या दिवशीच, जाहीर झालं की व्हिसे संपले, अर्ज पाठवू नका. मग आपल्या लोकांनी गांधीगिरी केली. इमिग्रेशनच्या संचालकांना देशभरातून फुलं पाठवली. शेकड्यांनी गुच्छ. त्यांनी ती सगळी वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. तीसेक डॉलर मीही घातले होते. नाशिकच्या पंचवटीत तेवढ्यात हातगाडीभर झेंडू आला असता. पुढे दोनेक आठवड्यांत सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले.

मुद्दा काय, तर माझा आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) त्या गर्दीत गेला. १८० दिवस झाले आणि मी कंपनी बदलली. त्या टप्प्यावर तसं चालतं, फक्त नवं काम 'त्याच किंवा तशाच' स्वरूपाचं असावं लागतं. आता त्यासाठी सप्लिमेंट जे नावाचा कागद भरतात. तेव्हा नुसतं पत्र द्यायचो आणि देव पाण्यात ठेवायचो.

गोदाकाठच्या, तू त्या टप्प्याच्या फार अलीकडे आहेस. तुझ्याकडे अजून तारीखच (पर्म दाखल झालं तो दिवस, रांगेतली तुझी जागा) नाही, म्हणजे गमवायला काही नाही. पर्म झालं आणि आय-१४० लटकलाय, अशा वेळी कंपनी सोडणं सर्वांत वाईट. पर्म कंपनीचं असतं, तुझं नसतं. आय-१४० मंजूर झाला की तारीख तुझी, मग पुढच्या कंपनीत नवं पर्म, नवा आय-१४०, पण तारीख जुनीच. आणि २०१७ च्या जानेवारीपासून नियमच आहे, मंजुरीला १८० दिवस झाले की कंपनीने रागाने आय-१४० मागे घेतला तरी तुझी तारीख आणि एच-१ ची वाढ शाबूत. तेव्हा जायचं तर आत्ता जा, नाहीतर आय-१४० मंजूर होऊन वर सहा महिने होईपर्यंत जाऊ नको. अधेमधे नको.

शंकेखोर

पण भारतीयांसाठी तारीख असून तरी काय फायदा? वर्षाला १,४०,००० नोकरीवाली कार्डं, कुठल्याही एका देशाला ७ टक्के. ईबी-२ चा (त्यातल्या उच्चशिक्षितांच्या गटाचा) वाटा धरला तर भारताच्या हिश्शाला मुळात साधारण २,८०० येतात, त्यातही बायकापोरं मोजतात. दुसऱ्यांच्या उरलेल्या मिळाल्या तर मिळाल्या.

तर्रीवाला

थोडक्यात श्रावणी सोमवारची त्र्यंबकेश्वरची रांग. फरक एवढाच की तिथे संध्याकाळपर्यंत दर्शन होतं.

ओझरचं_विमान

ईबी-१सी (परदेशी शाखेतल्या मॅनेजरांचा गट) बघितलं का? पर्म लागत नाही. आमच्या ऑफिसात एकाने तेच केलं. पुण्याला जाऊन वर्षभर मॅनेजर झाला, एल-१ए (मॅनेजरांचा एल-१) वर परत आला, मग ईबी-१सी.

हिशोबी

त्यासाठी परदेशातल्या शाखेत किमान एक वर्ष खरीखुरी मॅनेजरकी लागते. नुसतं पद नाही, हाताखाली माणसं. धागाकर्ते एल-१बी वर आलेत, म्हणजे 'विशेष ज्ञान'वाले. शिवाय ईबी-१ लाही आता भारतीयांची रांग आहेच. राजमार्ग होता, त्याचा नाशिकचा तुंबलेला द्वारका सर्कल झालाय.

रेवा_के

दहा प्रतिसाद होत आले. एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही, अगदी धागाकर्त्यांनीही नाही.

गोदाकाठचा, तुमचं लग्न झालंय का? बायको काम करते का?

गोदाकाठचा (२५ एप्रिल)

हो ताई. ती एका कंपनीत अकाउंट्सला आहे. एल-२ वर, म्हणजे माझ्या एल-१ वर जोडीदार म्हणून. का?

रेवा_के

का म्हणजे?

एल-२ च्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं परमिट लागत नाही, आय-९४ वर (देशात आल्याची नोंद) एल-२एस असलं की झालं. तुम्ही १ ऑक्टोबरला एच-१ झालात की त्या दिवसापासून तिचा एल-२ संपला. ती एच-४ (एच-१ वाल्याची जोडीदार). आणि एच-४ ला काम करायचं तर आधी तुमचा आय-१४० मंजूर व्हावा लागतो, मग ती ईएडीचा (काम करायच्या परवान्याचा) अर्ज करणार, मग ते येणार. म्हणजे ३० सप्टेंबरला तिचा शेवटचा दिवस, आणि पुढचा पहिला दिवस कधी ते तुमच्या नव्या कंपनीच्या "सहा महिन्यांनी"वर अवलंबून. २५ टक्के वाढ म्हणताय, त्यातून तिचा पगार वजा केलात का?

मी बोलतेय कारण मी त्यातून गेलेय. नाशिकलाच इंजिनियरिंग केलं, कॉलेज रोडला कुठे काय मिळतं ते अजून तोंडपाठ आहे. २०१० ला एच-४ वर आले. एच-४ ला ईएडी सुरू झालं २६ मे २०१५ ला. मधली पाच वर्षं मी लायब्ररीत फुकट काम केलं, तीन भाषांत पोळ्या शिकवल्या आणि दर महिन्याला बुलेटिन बघितलं. सासूबाई फोनवर विचारायच्या, "मग दिवसभर करतेस काय?" चांगल्या होत्या हो त्या, पण त्या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधतेय.

नाशिकरोडची_मुलगी

रेवाताई, _/\_

सातपूरकर

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी माझं वाक्य मागे घेत नाही, पण कारण बदलतो. थांबा, बायकोसाठी थांबा.

कसाराघाट

मीही चुकलो. आमच्या वेळी एल-२ वाल्यांनाही ईएडी काढावं लागायचं, त्यामुळे तो फरक लक्षात राहिला नाही.

तर्रीवाला

अवांतर: आपले पासपोर्ट छापले जातात नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. म्हणजे कागद आपल्या गावचा, पण त्यावर व्हिसा चिकटवून घ्यायला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकी कॉन्सुलेटला जायचं. माहेरच्या पोरीला सासरी काही किंमत नाही.

नाशिकरोडची_मुलगी

आमचे आजोबा प्रेसमध्ये होते! घरी कुणी पासपोर्ट काढला की आधी ते कागद उजेडात धरून बघायचे आणि मग म्हणायचे, "आमचाच."

बेदाणा

मी निफाडचा, वय ६९, अमेरिकेत कधी राहिलो नाही. मुलगी आणि जावई तिकडे आहेत. तरी या विषयात माझा एक अनुभव आहे. तरुण मंडळींनी कागदाची बाजूही ध्यानात ठेवावी म्हणून लिहितो.

ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ ची (ईबी-२ च्या खालचा गट) अर्ज भरायची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत आली. जावयांची तारीख २०१३ ची, ईबी-२ मधली. वकिलाने सांगितलं, ईबी-३ मध्ये उतरा आणि महिन्याभरात आय-४८५ भरा. उतरणं म्हणजे चढणं, हे मला तेव्हा कळलं. जन्म दाखला पाहिजे म्हणाले.

जावयांचं गाव निफाड तालुक्यातलंच. कोरोनाचे दिवस. मी तोंडाला उपरणं बांधून ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाने १९८२ चं रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. नोंद सापडली: तारीख, बापाचं नाव, आईचं नाव, 'पुरुष'. नावाचा रकाना कोरा! बारशाच्या आधी नोंद झालेली, नंतर कुणी गेलंच नाही. पुढे आणखी मौज. रजिस्टरात १४ ऑगस्ट आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून. आमच्या पिढीला माहीत आहे, गुरुजी सरसकट १ जून घालायचे. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून काढलेला. म्हणजे सरकारदरबारी हा माणूस जन्मला अडीच महिने आधी, आणि नाव नसलेला जन्मला नंतर.

मग प्रतिज्ञापत्रं. एक व्याह्यांचं, एक त्यांच्या थोरल्या बहिणीचं. जन्माच्या वेळी ती घरात होती, वय ८१. त्यांना गाडीत घालून नाशिकला कोर्टाबाहेर नेलं. स्टँप पेपर, टायपिंग, नोटरी. टायपिस्टने विचारलं, "आजी, जन्म तुम्ही डोळ्यांनी पाहिला का?" त्या म्हणाल्या, "पाहिला म्हणजे? नाळ मी कापली." टायपिस्टने ते वाक्य इंग्रजीत कसं लिहिलं कोण जाणे, पण अमेरिकेने मान्य केलं. अर्ज गेला, ईएडी आलं, जावयांनी पुढे कंपनी बदलली. कार्ड अजून नाही.

सांगायचं एवढंच, जूनमध्ये नाशिकला येताय तर महापालिकेतून आपला आणि सूनबाईंचा नावासकट जन्म दाखला काढून घ्या. नंतर धावाधाव नको.

नाशिकरोडची_मुलगी

"नाळ मी कापली." काका, दंडवत.

नुसताच_वाचक

एक मिनिट.

काकांनी "जूनमध्ये येताय" म्हटलं म्हणून मी वर जाऊन परत वाचलं. पिटिशन एप्रिलमध्ये गेलं, चेंज ऑफ स्टेटससकट, अजून मंजूर नाही. आणि धागाकर्ते जूनअखेर नाशिकला लग्नाला जाणार?

चेंज ऑफ स्टेटस प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की तो अर्ज सोडून दिला असं धरतात. वकिलाने सांगितलं नाही?

हिशोबी

अरे देवा. मी तारखांचं गणित केलं आणि हीच तारीख सोडली.

गोदाकाठचा, हे नीट वाचा. बाहेर गेलात की स्टेटस बदलायची मागणी बाद. पिटिशन मंजूर होऊ शकतं, पण मग एच-१ चा शिक्का भारतातल्या कॉन्सुलेटमधून घेऊन आत यावं लागतं. आणि सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेतली, नव्या एच-१ पिटिशनवरची ती १,००,००० डॉलरची फी? ऑक्टोबर २०२५ मध्ये खुलासा आला की देशातल्या देशात स्टेटस बदलणाऱ्याला ती लागू नाही. पण त्याच खुलाशात लिहिलंय, निर्णयाआधी माणूस देश सोडून गेला तर लागू. तुमची मध्यम आकाराची कंपनी तुमच्यासाठी लाख डॉलर भरेल?

तर्रीवाला

लाख डॉलरचा आहेर. नवरीमुलगी नशीबवान आहे.

(हलके घ्या.)

गोदाकाठचा (२५ एप्रिल, रात्री)

हात थरथरताहेत. तिकिटं काढलीत २० जूनची. वकिलाच्या पहिल्याच मेलमध्ये खाली बारीक अक्षरात होतं, आत्ता शोधून वाचलं. मी फक्त पगाराचा आकडा बघितला होता.

जादा फी भरून, प्रीमियम करून मंजुरी आधी आणली तर?

कसाराघाट

प्रीमियमने १५ कामाच्या दिवसांत उत्तर येतं, त्यामुळे मेअखेर निकाल लागू शकेल. पण शांतपणे विचार कर. मंजुरी मिळाली तरी ती १ ऑक्टोबरपासूनची. तू जूनमध्ये बाहेर जाऊन जुलैत एल-१ वर परत आलास तर नवा आय-९४ एल-१ चा. मग ऑक्टोबरला एच-१ आपोआप लागेल असं धरून चालू नको. तेव्हा पुन्हा बाहेर जाऊन शिक्का घ्यावा लागू शकतो. आणि शिक्क्याचं काय चाललंय ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. एच-१ वाल्यांची समाजमाध्यमं तपासायची म्हणून भारतातल्या अपॉइंटमेंट महिनोन् महिने पुढे ढकलल्या. लग्नाला गेलेले तिकडेच अडकून बसले.

वकिलाला उद्या फोन कर. फोरमवर विचारून तिकीट रद्द करू नको आणि फोरमवर विचारून विमानातही बसू नको.

कॅनडावाली

कॅनडाला या. नाशिकसारखीच थंडी, थोडी जास्त.

शंकेखोर

२०२३ च्या जुलैत कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१ वाल्यांसाठी १०,००० ओपन वर्क परमिट काढले होते. दोन दिवस पुरले नाहीत. तिथेही आपलीच गर्दी.

परतपाखरू

मी थोडं वेगळं लिहितो. आठ वर्षं काढली, तीन कंपन्या, दोन पर्म, एक मंजूर आय-१४०. तारीख २०१४. २०१९ मध्ये टीमच गेली आणि साठ दिवसांत जमलं नाही. बायको म्हणाली, पुरे. गोविंदनगरला फ्लॅट होताच.

पहिले सहा महिने वाईट गेले. शेजारचे काका रोज लिफ्टमध्ये विचारायचे, "सुट्टीवर का?" एक दिवस मी हो म्हणून टाकलं, तेव्हापासून त्यांनी विचारणं बंद केलं. आता घरून काम करतो, सकाळी गोदापार्कला चालतो, पोरगी इथल्या शाळेत रुळली. गंमत म्हणजे ती २०१४ ची तारीख अजून माझीच आहे. उद्या कुणी पर्म केलं तर तिथूनच पुढे. कपाटात आजोबांच्या पेन्शनच्या कागदांशेजारी ठेवलीय.

परत या असं म्हणत नाही. दार आहे एवढं माहीत असू द्या.

सातपूरकर

+१. आता मिसळ खायला कधी बोलावताय ते सांगा.

गोदाकाठची (२६ एप्रिल)

नमस्कार. आयडीवरून कळलंच असेल. मी या माणसाची बायको. काल रात्री हा बाल्कनीत येरझाऱ्या घालत होता म्हणून फोन काढून घेतला आणि सगळा धागा वाचला.

रेवाताई, आभार. तुम्ही विचारल्यावर तासाभराने यांनी मला विचारलं. त्याआधी आमच्या घरात "आपण एच-१ वर जातोय" एवढंच वाक्य होतं. त्या 'आपण'मध्ये मी कुठल्या रकान्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं.

ही नोकरी मिळायला मला अकरा महिने लागले होते. मुलगी पोटात होती तेव्हा इंटरव्ह्यू दिलेत. ३० सप्टेंबरला ती सोडायचा विचार आला की पोटात गोळा येतो. पण हिशोबींचं गणितही मी वहीत मांडून बघितलं. थांबलो तर २०२८ च्या जानेवारीत दोघांच्याही नोकऱ्या एकाच दिवशी जाऊ शकतात. आत्ता गेलो तर एकच जाते, आणि परत यायची शक्यता राहते. तेव्हा जावं, असं माझं मत आहे. माझं मत. कुणी मला त्यागमूर्ती म्हटलं तर भांडण होईल.

अट एकच. "सहा महिन्यांनी" नाही. रुजू झाल्याच्या दिवसापासून पर्मचं काम चालू, आणि तसं लेखी. आय-१४० आला की लगेच माझं ईएडी.

रेवा_के

शाब्बास. आणि पर्मचा सगळा खर्च, वकिलासकट, कायद्याने कंपनीचाच असतो. पगारातून कापू, सोडून गेलात तर वसूल करू, असं काही कराराच्या मसुद्यात दिसलं तर बोट ठेवा. आय-१४० ची गोष्ट वेगळी.

अजून एक. लग्नाला तू जाऊ शकतेस. त्याचा एल-१ चालू आहे तोवर तुझा एल-२ चालू. फक्त एच-४ चा अर्ज आत्ताच भरलेला नाही ना बघ. भरून गेलीस तर तुझाही तोच प्रकार होईल. परत आल्यावर भर, ऑक्टोबरच्या आत. हे वकिलाकडून पक्कं करून घे.

गोदाकाठची

भरलेला नाही. वकील "नंतर बघू" म्हणाला होता, त्याचा आळस कामाला आला.

गोदाकाठचा (१६ मे)

मंडळी, खुलासा लिहायचा राहिला होता.

वकिलाशी बोललो. नुसताच_वाचक यांचं शब्दन् शब्द बरोबर होतं. वकील थोडा ओशाळला, फी मात्र पूर्ण घेतली. मी जात नाहीये. माझं तिकीट रद्द केलं, बरेच पैसे बुडाले. ती आणि लेक २० जूनला निघताहेत, जुलैच्या मध्यावर परत.

नव्या कंपनीने आठवडाभर टोलवाटोलवी केली, मग एचआरकडून दोन ओळींची मेल आली: रुजू झाल्यापासून ३० दिवसांत पर्मची प्रक्रिया सुरू, खर्च कंपनीचा. पहिल्या दिवसापासून नाही, पण लेखी आहे. जुन्या मॅनेजरला अजून सांगितलं नाही, ऑक्टोबरपर्यंत त्याच कंपनीत काम करायचंय. तो परवा म्हणाला, जुलैचं जरा पुढे जाईल असं दिसतंय, पुढच्या सायकलला बघू.

बहिणीला फोन केला. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "कान कोण पिळणार?" एकुलता एक भाऊ मी. चुलतभावाला सांगायचं ठरतंय.

बेदाणा

लग्न कुठल्या लॉन्सवर? निफाडहून तासाभरात पोचतो. जावयांचे कान पिळायचा मला सराव आहे.

गोदाकाठचा

काका, गंगापूर रोडला. पत्रिका विपूत (विचारपुशीत) पाठवतो, नक्की या. लग्न लाइव्ह दाखवणार आहेत, मी इथे पहाटेच्या आधीच उठून सोवळ्यात बसणार.

तर्रीवाला

जन्म दाखले विसरू नका!

गोदाकाठची

यादीत सगळ्यात वर आहेत, पैठणीच्याही वर. आणि कान चुलतभाऊ पिळणार नाही, मी पिळणार आहे. वहिनीने पिळला तर चालतो का म्हणून गुरुजींना फोन करून विचारलं. म्हणाले, शास्त्रात अडचण काही नाही, पण कानपिळीचा आहेर पुरुषी मापाचा शिवून झालाय.